वाळूचे डोळे

फुलबाजीची ठिणगी कुठे उडाली हे घरातले पोरही बोट दाखवून सांगेल. पण ठिणगी अणूहून सूक्ष्म असली आणि फुलबाजी सेकंदाला चार कोटी वेळा पेटत असली, तर?

जिनिव्हाजवळ जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनांच्या टकरी होतात. त्यांतून उडालेल्या कणांचा माग काढायला तेथल्या ‘सी.एम.एस.’ ह्या १४,००० टनी धुडाच्या पोटात सिलिकॉनच्या पातळ चकत्या बसविल्या आहेत. सिलिकॉन म्हणजे वाळूतूनच निघणारे मूलद्रव्य, बरे का! कण आरपार गेला की चकतीत विजेचा इवलासा स्पंद उठतो. मग ठिपक्याला ठिपका जोडून, रांगोळीसारखी, त्याची वाट रेखायची.

टकरीच्या जितके जवळ बसावे तितके चांगले दिसते. पण चुलीजवळचाच आधी पोळतो. कणांच्या माऱ्याने सिलिकॉन झिजत जाते. म्हणून २०१७ च्या आरंभी आतला भाग अख्खा बदलला. तीन थरांचे चार झाले, ठिपके ६.६ कोटींवरून १२.४ कोटींवर गेले, आणि सर्वांत आतला थर केंद्रापासून ४.४ सेंटिमीटरांवर होता तो २.९ वर सरकला. थंडाव्यासाठी कार्बन डायऑक्साइड आला, आपल्या सोडावॉटरमधला तोच. बारीक नळ्यांतून तो खेळवता येतो, त्यामुळे कणांच्या वाटेतली अडगळ कमी होते.

एवढी जय्यत तयारी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विजेचा दाब उतरविणारे छोटे परिवर्तक एकामागून एक निकामी होऊ लागले! कारण मोठे मासलेवाईक निघाले. एखादा कण आदळून आतल्या चिपची स्मृती बिघडली, की तिला भानावर आणायला परिवर्तक क्षणभर बंद करून पुन्हा चालू करीत. माऱ्याने परिवर्तकाच्या आत वीज झिरपू लागली होती. बंद असताना ती साचे आणि त्याचाच घात करी. म्हणजे बिचारा कामाने नव्हे, विश्रांतीने मेला! (आमच्या निवृत्त सहकाऱ्यांना मी हे अद्याप सांगितलेले नाही.)

हिवाळ्याच्या सुट्टीत सगळे बाहेर काढून झाडून सारे परिवर्तक बदलले, आणि २०१८ मध्ये ते तसे बंद करण्याची रीतच सोडून दिली. सर्वांत आतला थर मात्र २०२२ च्या नव्या फेरीआधी पुन्हा नवा घालावा लागला. पुढे टकरी आणखी वाढवायच्या आहेत. त्यासाठी बाहेरच्या पट्ट्यांसकट सारा सिलिकॉनी संसारच बदलायचा बेत आहे.