काम कोणी नेमून देणार नाही

चळवळीत आले तेव्हा पहिल्याच बैठकीत मला काम मिळाले : इतिवृत्त लिहिणे. ते पुढे कधी सुटले नाही. भाषण एकाने करायचे, ठराव दुसऱ्याने मांडायचा आणि वही माझ्याकडे! निवृत्तीनंतर मराठी विकिपीडियावर लिहायचे ठरवले ते या वहीला कंटाळूनच. तिथे अध्यक्ष नाही, कार्यकारिणी नाही. स्वयंसेवक आपापल्या घरून लिहितात, एकमेकांचे तपासतात. म्हटले, आता तरी मनासारखे लिहू.

मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने १९७२ नंतर मुंबईत महागाईविरुद्ध निघालेले लाटणे मोर्चे मी आईचा हात धरून पाहिले होते. त्यावर आठवणीतून चार पाने लिहिली. आमच्या गटातल्या तरुण कार्यकर्तीने वाचून विचारले, "ताई, सगळे खरे, पण छापलेला आधार कुठे?" आपली आठवण तिथे चालत नाही, आधी प्रसिद्ध झालेला, पडताळता येणारा मजकूर लागतो. मी चिडले. बायकांचा इतिहास छापला कोणी?

ही चीड अनाठायी नव्हती. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेख मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आधार अपुरे म्हणून नाकारला गेला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले, तेव्हाही त्यांच्यावर लेख नव्हता. २०११ च्या विकिमीडियाच्या पाहणीत संपादकांमध्ये स्त्रिया शंभरात जेमतेम नऊ होत्या. रचना नाही म्हणजे सत्ता नाही असे नव्हे, हे अमेरिकेतल्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकातच स्त्रीमुक्ती गटांना बजावले होते. अध्यक्ष नसला की ज्याच्याकडे वेळ आणि सवय, त्याचे चालते.

मग माझी जागा कोणती? उत्तर माझ्याच ट्रंकेत होते. इतिवृत्ताच्या वह्या आधार म्हणून चालणार नव्हत्या, पण त्यांत मी तारखेसह चिकटवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे चालणार होती. आता आठवड्यातून दोन दिवस ग्रंथालयात बसते आणि एकेका वाक्यामागे वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान जोडते. तीस वर्षे ज्या कामाला कंटाळले, तेच मला सर्वांत चांगले येते!

फरक एवढाच की आता मी तिथेच थांबत नाही. प्रत्येक लेखामागे चर्चा पान असते. काय ठेवायचे, काय गाळायचे हा वाद तिथे होतो. तिथेही मी बोलते.

मैत्रिणींनो, तुमच्यात कोणी शुद्धलेखन जाणते, कोणाकडे जुने फोटो आहेत, कोणी नवख्यांना हात धरून शिकवू शकते. काम नेमून द्यायला तिथे कोणी येणार नाही. जे हाताला येते तिथून सुरुवात करा. मात्र स्वतःच्या संघटनेवरचा लेख स्वतः लिहू नका. चर्चा पानावर आधार द्या, लेख दुसऱ्यांना लिहू द्या.

सतरंज्या उचलायला आपली ना नाही. पण आधी त्यांच्यावर बसून निर्णयात भाग घेऊ, मग उचलू.