टोल घ्या, पण वेळ बघून घ्या

मच्छीमार बांधवांनो, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी, हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. मोटारवाल्यांचे ४५ रुपये वाचले. चांगलंच झालं. पण आपल्या म्हावऱ्याच्या ट्रकला माफी नाही. वर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसेल तर दुप्पट!

हा टोल उड्डाणपुलांच्या खर्चासाठी, हे मान्य. पण रस्त्यावर कोंडी कोण करतं? आपला ट्रक पहाटे तीनला वेस ओलांडतो, तेव्हा रस्ता रिकामा असतो. लंडनच्या मध्यभागी २००३ पासून गाड्यांना शुल्क आहे. तिथे सकाळी ७ च्या आधी आत जाऊन बाहेर पडलं, तर ते लागत नाही. पैसे गर्दीच्या वेळेचे.

आमची मागणी एवढीच: पहाटेच्या नाशवंत मालाला सूट द्या.

तोवर मालकांनो, गाडी बंदरातून निघतानाच फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा. नाक्यावर खोळंबा झाला की बर्फ वितळतो आणि भाव पडतो तो आपलाच.