पान्याआधी पेन्सिल

मोटारसायकलचा मूळ कॅमशाफ्ट काढून 'जोरदार' कॅमशाफ्ट बसवण्याची हौस नांदेड-लातूरच्या तरुणांतही दिसते. माझ्या मते ही हौस गणित न करताच केली जाते.

कॅम शक्ती निर्माण करीत नाही; ती इंधनाच्या ज्वलनातून मिळते. झडपा केव्हा, किती आणि किती वेळ उघडायच्या, एवढेच कॅम ठरवतो. हार्ले-डेव्हिडसनचे ४५ अंशांचे व्ही-ट्विन असो वा बुलेटचे एकच सिलिंडर. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. झडप अधिक वेळ उघडी राहिली, की वेगवान फेऱ्यांत सिलिंडर चांगला भरतो. पण सावकाश फेऱ्यांत आत आलेले थोडे मिश्रण उलट ढकलले जाते आणि ओढ घटते. लातूरच्या गंजगोलाईतल्या गर्दीत तर हीच ओढ लागते!

शिवाय फेऱ्या मिनिटाला ४,००० वरून ६,००० झाल्या, तर झडप कॅमला धरून ठेवण्यास लागणारे बल दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. स्प्रिंग कमी पडली, तर झडप वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन तिच्यावर आदळू शकतो.

शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. पाना उचलण्यापूर्वी पेन्सिल उचलावी, हे बरे.