दुर्बीण, 1 नग

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले तेव्हापासून आमच्याकडे एकाच प्रश्नाची पत्रे येताहेत: लेन्स कधी स्वस्त होणार? होणार नाही. 28 टक्क्यांवरून 18 वर आले ते एसी आणि मोठे टीव्ही. कॅमेरे आणि लेन्स आधीच 18 टक्क्यांत होत्या, आजही तिथेच आहेत. भाव पडतील म्हणून दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जे थांबले, त्यांचा सारसाच्या पिल्लांचा हंगाम तेवढा गेला. हा विषय इथेच मिटवू, कारण या महिन्यातले खरे पत्र प्रतापगडहून आले आहे.

लिहिणारे निवृत्त शिक्षक आहेत, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. नाव छापू नका म्हणतात, म्हणून गुरुजीच म्हणू. नवेगावबांधच्या तलावावर आणि आसपासच्या धानाच्या बांध्यांत त्यांनी आयुष्यभर पक्षी टिपले. गेल्या हिवाळ्यात ते मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेले. बॅगेत कॅमेऱ्याची एक बॉडी, 24-105 आणि 200-600 या लेन्स. सारसाचा माणूस अमेरिकेत जाऊन काय पाहणार? मार्चमध्ये नेब्रास्कातली प्लॅट नदी. ती त्यांनी मनसोक्त पाहिली. पत्रातला तो भाग आनंदाचा आहे आणि त्याकडे आम्ही पुढे वळू.

उरलेले पत्र एका कागदाबद्दल आहे. शिस्तीचे गृहस्थ असल्याने जाताना त्यांनी कस्टमकडे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट (सामान इथूनच नेल्याचा कागद) मागितले. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर बसून सकाळी मुंबई, दिवसभर नातेवाइकांकडे, आणि पहाटेचे विमान म्हणून मध्यरात्री विमानतळावर हजर. कस्टमच्या टेबलावर कोणी नव्हते. अर्ध्या तासाने एक अधिकारी आले आणि म्हणाले, वापरलेल्या वस्तूला काही लागत नाही, जा. गुरुजी हलले नाहीत. शेवटी कागद मिळाला. घाईत घडी करून पासपोर्टात ठेवला, वाचला नाही. त्यावर लिहिले होते: कॅमेरा 1 नग, दुर्बीण 1 नग.

परतताना हिरव्या मार्गिकेत त्यांना थांबवले. 200-600 ही लेन्स हुडसकट बाहेर काढली की कोणाचेही लक्ष वेधून घेते. सर्टिफिकेट आहे का? आहे. कागद वाचून अधिकाऱ्याने विचारले, यातली दुर्बीण कुठे आहे? दुर्बीण नव्हतीच. जी होती ती लेन्स, आणि लेन्स कागदावर नव्हती. सिरियल नंबरच्या रकान्यात दोन्ही ओळींना बॉडीचाच नंबर. गुरुजींनी खरेदीची पावती पुढे केली, तर ती थर्मल कागदावरची, चार उन्हाळ्यांत पांढरी झालेली. दुकानाचे नाव दिसत होते, रक्कम आणि तारीख गेलेली. दोन तासांनी लेखी जबाब घेऊन सोडले. पैसे गेले नाहीत, पण सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाला चोरासारखे बसवून ठेवले.

या खात्याचे तर्कशास्त्र वाचकांनी नीट समजून घ्यावे. भारतातून नेलेली वस्तू तीच परत आणली तर तिच्यावर शुल्क पडायचे कारण नाही. हे अधिकाऱ्यालाही मान्य असते. पण ती तीच आहे हे सिद्ध करायचे तुम्ही. सिद्ध करायचा कागद जाताना मागा, तर एक अधिकारी सांगतो गरज नाही. येताना दुसरा अधिकारी त्याच कागदाची मागणी करतो. दोघे एकाच खात्याचे, एकाच इमारतीत बसणारे. मधला जिना बहुधा त्यांनी कधी चढला नसावा.

'वापरलेल्या वस्तू माफ' या वाक्यावर विसंबू नका. 2016 च्या बॅगेज नियमांत वापरलेले पर्सनल इफेक्ट्स मोकळे होते खरे, पण त्यांची व्याख्या रोजच्या गरजेच्या वस्तू अशी होती. दोन किलोंची टेलिफोटो ही तुमची आमची रोजची गरज असेल. समोरच्याला ती तशी वाटेलच असे नाही. आणि वाटली नाही तर 2025 मधला हिशोब असा: तीन लाखांची लेन्स धरा. प्रवाशाला तेव्हा असलेली 50,000 ची सूट वजा केली की अडीच लाख. मूळ शुल्क 35 टक्के, त्यावर समाजकल्याण अधिभार, मिळून 38.5 टक्के. म्हणजे 96,250 रुपये. नवरा-बायकोच्या दोन सुटी एका लेन्सवर जोडता येत नाहीत. मुलाकडे सहा महिने राहिलो म्हणजे 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडन्स'ची सवलत लागेल, हा गैरसमजही पत्रांत दिसतो; ती सवलत परदेशी व्यवसाय करून किंवा मुक्काम हलवून येणाऱ्यांना आहे, नातवाला भेटून येणाऱ्या आजोबांना नाही. आणि 1 एप्रिल 2016 पासूनची ती 50,000 ची मर्यादा 2025 मध्येही तशीच होती. साडेनऊ वर्षांत लेन्सच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, तो आकडा जागचा हलला नव्हता.

म्हणून 'इथे कशाला घ्यायची, तिकडूनच आणू' म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर ठाम नाही असे आहे. तिकडचा छापील भाव कमी दिसतो, पण त्यात विक्रीकर धरलेला नसतो आणि पर्यटकाला तो परत मिळण्याची देशव्यापी सोय अमेरिकेत नाही. आयातशुल्काच्या गोंधळात निकॉनने जून 2025 मध्ये तिथले भाव वाढवलेही. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी त्या देशापुरती असते. वर हे 38.5 टक्के. चोरून आणू म्हणणाऱ्यांशी आम्हाला बोलायचे नाही. लेन्स इथे घ्या, स्वतःच्या नावाच्या जीएसटी पावतीवर घ्या, आणि जाण्याच्या निदान एक हंगाम आधी घ्या.

कोणती घ्यायची, यावर गुरुजींचा प्लॅटचा अनुभव बोलका आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रौंच त्या नदीवर उतरतात. रात्री उथळ पाण्यातल्या वाळूच्या पट्ट्यांवर उभे राहतात, दिवसा कापणी झालेल्या मक्याच्या शेतांत सांडलेले दाणे टिपतात. आपला सारस सहा फुटांच्या जवळ जाणारा आणि बहुधा जोडीने दिसणारा. म्हणून आपल्याकडे 600 ची सवय लागते: धुऱ्यावरून दूर उभे राहायचे, जोडीला त्रास द्यायचा नाही आणि फ्रेम भरायची. प्लॅटवर ही सवय अंगाशी येते. गुरुजी लिहितात, पहिल्या पहाटे 600 लावून बसलो आणि हाती एकेका पक्ष्याची मान आली. आभाळ भरून थवा उठला तेव्हा 24-105 पिशवीत होती. दुसऱ्या पहाटे लांब लेन्स बाजूला ठेवली. त्या सहलीतली त्यांची उत्तम छायाचित्रे 100 मिलिमीटरच्या आतली आहेत. या अंकात त्यातली चार दिली आहेत.

यात सगळ्या लांबच्या प्रवासांचा हिशोब आला. 600 f/4 घेऊन जाण्याचा मोह आवरा. ती तीन किलोंच्या वर जाते, आणि अनेक विमान कंपन्यांची इकॉनॉमीतली केबिन मर्यादा 7 किलो आहे. लेन्स चेक-इनमध्ये टाकायची नाही हे सांगायला नको. सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच न्याव्या लागतात, म्हणजे वजन तिथेच वाढणार. निकॉनवाल्यांनी गणित करून पाहावे: 180-600 कॉलरसकट 2140 ग्रॅम, झेड 8 बॉडी 910, 24-120 एफ/4 630. एकूण 3680. दुसरी बॉडी, चार्जर, कार्डे, औषधे धरूनही 7 च्या आत राहता. कॅननच्या 100-500 मध्ये ट्रायपॉड माउंट सोडून 1370 ग्रॅमवर भागते. लांबी थोडी सोडावी लागते, पण सहा महिन्यांच्या मुक्कामात तुम्ही तीच बाहेर काढाल, जड लेन्स मुलाच्या कपाटात राहील. सोनीची 200-600 गुरुजींकडे आहे, 2115 ग्रॅम, आतल्या आत झूम होते. धुळीत आणि बर्फाच्या कणांत तो फायदा मोठा. टेलिकन्व्हर्टर नेऊ नका. एफ/6.3 चे एफ/9 करून पहाटेच्या ब्लाइंडमध्ये काय मिळणार? केनियाला जाणाऱ्यांसाठी एवढेच: नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मसाई मारात जाणारी छोटी विमाने हातातले धरून साधारण 15 किलोच घेतात, तेही मऊ पिशवीत. बीनबॅग रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा. घरचा धानाचा कोंडा भरून नेऊ म्हणणारे एक पत्र आहे. त्यांनी कस्टमच्या जोडीला कृषी विभागालाही आमंत्रण द्यायचे ठरवलेले दिसते.

भाड्याची लेन्स नेणाऱ्यांची अडचण वेगळी. पावती दुकानाच्या नावाची, पासपोर्ट तुमचा. दुकानदाराच्या लेटरहेडवर सिरियल नंबरसह अधिकारपत्र घ्या. ते मानले जाईलच असे नाही, पण हात रिकामे नसतील.

आता आमच्याच माणसांकडे. आठ दिवसांवर विमान आलेले असताना 'कोणती लेन्स घेऊ' असे विचारणारे फोन या महिन्यातही आले. आम्ही त्यांना उत्तर दिले नाही, पुढेही देणार नाही. नवी लेन्स हातात पडल्यावर तिची एक बाजू मऊ आहे का, फोकस कुठे अडखळतो, मर्यादा स्विच कोणत्या टप्प्यावर ठेवायचा, कॉलर सैल पडते का, हे कळायला हंगाम लागतो. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र' सुरू केला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली आणि यंत्र हाताखालून घातले. तुमच्याकडे तर नोव्हेंबर आहे आणि झाडीपट्टी आहे. धानाची कापणी सुरू झाली, बांध्यांत वाढलेली पिल्ले घेऊन सारस उतरताहेत, मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पाहुणी बदके येऊ लागली. सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत तपासा. दहानंतर उन्हाने हवा थरथरू लागते आणि मग 600 वर काहीही धारदार येत नाही. 'लेन्स मऊ आहे' म्हणून गेल्या उन्हाळ्यात दोघांनी नव्या लेन्स परत पाठवल्या; दोष दुपारच्या हवेचा होता. रुंद लेन्स तपासायची तर प्रतापगडाची महाशिवरात्रीची यात्रा आहे: गर्दी, धूळ, संध्याकाळचा उजेड, पायऱ्यांवर वर-खाली पळापळ. तिथे टिकलेली 24-105 कुठेही टिकेल. मात्र सारसाजवळ जाण्याचे धाडस करू नका. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडल्यात गाड्यांनी वाघीण आणि बछड्यांना घेरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या दिवसापासून प्रत्येक लांब लेन्सवाल्याकडे लोक संशयाने पाहतात. त्यात शेतकऱ्याच्या बांधीत घुसून भर घालू नका.

कागदांबाबतही तुमची ढिलाई कमी नाही. गेल्या वर्षी आम्ही सिरियल नंबरचा तक्ता छापला, भरून पाठवा म्हटले. भरलेले तक्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. आणि तक्रारींचे ढीग येतात. थर्मल पावती मिळाली की त्याच दिवशी तिची छायाप्रत काढा आणि दुकानदाराकडून ईमेलवर पीडीएफ मागा. पावतीवर सिरियल नंबर नसेल तर तो लिहून शिक्का मारून घ्या. जुनी लेन्स घेतली असेल तर विकणाऱ्याकडून मूळ पावतीसह विक्रीपत्र घ्या. लेन्सच्या माउंटवरचा नंबर घासला जाण्याआधी त्याचा फोटो काढा. सर्टिफिकेट मिळाले की टेबलासमोरच वाचा. 'लेन्स' शब्द नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. आणि सामान चेक-इन करण्याआधी, इमिग्रेशन ओलांडण्याआधी ते मागा. आत गेल्यावर परत बाहेर यायची वाट नाही.

मागणी साधी आहे. येणाऱ्या प्रवाशाने आपला शुल्कपात्र माल आधीच जाहीर करावा म्हणून सीमाशुल्क खात्याने 2019 मध्ये 'अतिथी' हे अ‍ॅप आणले. जाणाऱ्या प्रवाशाला तिथेच आपल्या बॉडीचा आणि लेन्सचा नंबर, पावती आणि फोटो चढवू द्या. टेबलावर फक्त वस्तू दाखवून पडताळणी होईल. कोणा रात्रपाळीच्या अधिकाऱ्याला 200-600 म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज राहणार नाही. उपराजधानीतल्या एका कार्यालयाला आम्ही हे सुचवले, तर उत्तर आले की कार्नेट (वस्तू तात्पुरत्या परदेशी नेण्याचा कागद) काढा. कार्नेट फिक्की देते, त्यासाठी तारण ठेवावे लागते, आणि ते चालणाऱ्या देशांची यादी मर्यादित आहे. ते प्रदर्शनाला ट्रकभर यंत्रे नेणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. प्रतापगडच्या पेन्शनरला ते सुचवणाऱ्याने पत्र वाचलेच नव्हते.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला आम्ही डिसेंबरात निवेदन देत आहोत. गुरुजींच्या 'दुर्बीण, 1 नग'ची प्रत त्यांच्या संमतीने पहिल्या पानाला जोडली आहे. तुमच्याकडे असे कागद असतील, नाकारलेले अर्ज असतील, भरलेल्या शुल्काच्या पावत्या असतील, तर प्रती पाठवा, मूळ कागद नकोत. प्रवासाची तारीख, लेन्सचे नाव आणि नंबर स्वच्छ अक्षरात लिहा. या अंकातला तक्ताही भरून सोबत जोडा. 30 नोव्हेंबरपर्यंत पोचलेले कागद निवेदनात जातील. त्यानंतर आलेले परत पाठवू, आणि परतीचे टपाल तिकीट तुमचे.