पहिला तास कोणाच्या जबाबदारीचा?

जननी सुरक्षा योजना २००५ साली सुरू झाली आणि रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या मातेला रोख साहाय्य मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील ७८.९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. प्रशासनाचे हे यश मोठेच आहे.

परंतु त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा मला अस्वस्थ करतो. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण याच काळात ४१.६ टक्क्यांवरून केवळ ४१.८ टक्क्यांवर आले. म्हणजे बहुतेक बाळे डॉक्टर-परिचारिकांच्या देखत जन्माला येतात, तरीही निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या तासात चिकाच्या दुधावाचून राहतात.

असे का व्हावे? अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, ज्याचा मोबदला मिळतो ते काम होते. खाट, औषधे, शस्त्रक्रिया यांना अंदाजपत्रकात स्थान आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवून त्याने स्तन नीट धरला की नाही हे पाहण्यात परिचारिकेचा जो अर्धा तास जातो, त्याला कोठेच स्थान नाही. मासिक अहवालात तासाभरातील स्तनपानाचा रकाना आहे. पण रकाना भरणे आणि आईजवळ बसणे या दोन भिन्न गोष्टी होत. २०१६ साली केंद्राने स्तनपानासाठी ‘माँ’ हा कार्यक्रम सुरू केला. तथापि रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीची पहिली नियोजित भेट तिसऱ्या दिवशी असते. तोवर मध चाटवून झालेला असतो, कधी डब्याचे दूधही सुरू झालेले असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण आणखी वेगळी आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नोकरीपायी बंगळूर वा गुरुग्रामच्या सदनिकेत राहणाऱ्या जोडप्याला ती दर वेळी साधत नाही. आई-मावशी दूर, आणि अशा वसाहतीत आशा कार्यकर्ती सहसा पोहोचत नाही. दूध पुरत नाही ही शंका अशा एकाकी घरात फार लवकर मूळ धरते.

यासाठी नव्या योजनेची गरज आहे असे मला वाटत नाही. गर्भारपणातील तपासणीच्या वेळीच पती-पत्नी दोघांनाही स्तनपानाची पूर्वतयारी शिकवावी. प्रत्येक प्रसूतिगृहात प्रत्येक पाळीत एका परिचारिकेवर हीच जबाबदारी सोपवावी व तिच्या मूल्यमापनात ती धरावी. केंद्रीय कर्मचाऱ्याला मिळणारी पंधरा दिवसांची पितृत्व रजाही पाहुण्यांच्या सरबराईत संपू नये. बाळाला छातीशी धरणे, रात्री उठणे, आईला विसावा देणे ही पित्याचीही कामे आहेत.

रुग्णालयाच्या दारापर्यंत आपण मातेला आणले. दाराच्या आत तिच्याजवळ कोणी बसावे, एवढीच आता अपेक्षा आहे.