तक्ता गुंडाळा, ताट मोजा

कॉलेजची पोरंपोरी म्युन्सिपाल्टीच्या शाळेत येतात आणि आपल्या वस्तीतल्या पोरांना काय खावं ते शिकवतात. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना निघाली. वर्षाला १२० तास सेवा भरायची, शेवटी सर्टिफिकेट. येणारी पोरं वाईट नसतात. रात्र जागून चित्रं रंगवतात, गाणी रचतात, लहानग्यांना हसवतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांच्या हातात तो तक्ता देऊन त्यांना पाठवणाऱ्यांशी आहे.

तो तक्ता एकदा नीट बघा. वर लिहिलंय 'चौरस आहार'. खाली दुधाचा पेला, सफरचंद, बदाम, पनीर. सुकट कुठंय? बोंबील कुठंय? वजडी, कलेजी, चान्या कुठं गेल्या? रक्त वाढायला काय खावं विचारलं तर पोरगी सांगते, पालक. कलेजीतलं लोह अंगी जास्त लागतं हे तिच्याच सायन्सच्या पुस्तकात आहे, पण तक्त्यावर नाही. कारण तक्ता काढणाऱ्याच्या घरात कलेजी शिजत नाही. आपल्या आज्यांनी कातडं सोलणाऱ्या हातांनी जे शिजवलं आणि पोरं जगवली, ते अन्नच नव्हे, असा धडा आपलं पोर शाळेतून घेऊन येतं आणि घरचा डबा उघडायला लाजतं. च्यायला, ही जात खडूनं फळ्यावर लिहिलेली आहे.

आता सरकारकडे बघू. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायला बंदी आली. गरिबाच्या चुलीवरचं स्वस्त मटण कायद्यानं काढून घेतलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. पोरं त्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचे पैसे बंद केले आणि शाळांना सांगितलं, पाहिजे तर लोकवर्गणीतून द्या. म्हणजे ज्या वस्तीत अंडं परवडत नाही, त्याच वस्तीनं अंड्याची वर्गणी काढायची! एका हातानं अंडं काढून घ्यायचं, दुसऱ्या हातानं प्रथिनांवर व्याख्यान द्यायला पोरं पाठवायची.

हात धुण्याचंही तेच. साबण लावा, तळवे चोळा, नखं घासा. पाणी? मुंबईतल्या अनधिकृत ठरवलेल्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, हे हायकोर्टाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावं लागलं. तेही पाण्यासाठी लोक कोर्टात गेले म्हणून. महाडला १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी लढलेल्यांच्या नातवंडांची आई आजही हंडा विकत घेते. तिच्या पोराला हात धुवायचे टप्पे शिकवता?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालची १०० पैकी ३५ पोरं वयाच्या मानानं खुजी होती. सहा महिन्यांवरच्या १०० पैकी ६९ पोरांच्या अंगात रक्त कमी होतं. एवढ्या आया अडाणी आहेत काय? आम्ही गोदीत परदेशातून आलेल्या तुरीच्या गोण्या पाठीवर घेतो. तूर अंगाला चांगली, हे हमालाला कुणी शिकवायला नको. महिनाअखेर ती त्याच्या ताटात पातळ का होते, हा प्रश्न मजुरीचा आहे, रेशनचा आहे. भुकेला अज्ञान म्हटलं की मालकाला हिशेब द्यावा लागत नाही, सरकारला द्यावा लागत नाही. सगळा दोष आईच्या माथी मारता येतो.

मित्रांनो, या सेवेत आता आपलीही पोरं आहेत. वस्तीतून कॉलेजात गेलेली, पांढरा टी-शर्ट घातलेली. त्यांना मी सांगतो, शाळेत जरूर जा, पण तक्ता गुंडाळून तराजू घेऊन जा. पहिली ते पाचवीच्या पोरामागं रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी शिजली पाहिजे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. हा नियम आहे. पोरांना तो तोंडपाठ करून घ्या. खिचडीत डाळ कुठंय ते त्यांना मोठ्यानं विचारू द्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे जेवण त्यांचा हक्क आहे. धान्य आलं नाही, गॅस नाही, बाई आली नाही म्हणून जेवण चुकलं तर त्याचा भत्ता द्यावा लागतो, असं २०१५ चे नियम सांगतात. किती आईबापांना हे माहीत आहे? हा धडा एका तासात शिकवून होतो, आणि तो शिकलेलं पोर गप्प बसत नाही.

सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात तक्ते लावले नाहीत. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच प्लेगानं १० मार्चला गेल्या. सेवा हा शब्द वापरायचा तर तिथून मोजायला सुरुवात करा.

१२० तास भरून सर्टिफिकेट घ्यायला हरकत नाही. पण त्यातले निदान दहा तास शाळेच्या भांड्याशी उभे राहा, वजन लिहून काढा, आणि तो कागद घेऊन वस्तीसह वॉर्ड ऑफिसवर या. आम्ही गोदीची पाळी संपवून येतो.