पांढऱ्या डगल्यातला माणूस

जून-जुलै म्हणजे आमच्या दिघीत होड्या वर ओढलेल्या. मासेमारीला बंदी, पाऊस कोसळतोय, आगरदांड्याला जाणारी फेरीबोट कधी चालू, कधी बंद. मग घरोघरी टीव्ही. आणि टीव्हीवर काय, तर हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे. अजगर, शार्क, डायनोसॉर, माशी होऊन बसलेला शास्त्रज्ञ. भाजी निवडता निवडता मीही बघते, खोटं कशाला बोलू?

अशाच एका दुपारी लेकीने विचारलं, "आई, तुझा आवडता शास्त्रज्ञ कोण? खरा नाही, सिनेमातला." ती अकरावी सायन्सला आहे. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. प्रयोगशाळा पाहिली ती शाळेतली, तिचंही कुलूप वर्षातून दोनदा उघडायचं. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेला. पण तो डोक्यातून गेला नाही, आणि त्याला कारण आहे.

2021 साली आम्ही बचतगटाच्या बायका कोरोनाच्या लशीसाठी घरोघर फिरत होतो. कोळीवाड्यातल्या एका आजींनी मला ओटीवरही येऊ दिलं नाही. "बाय, त्या सुईत काय हाय त्ये कोनाला ठावं? आमच्यावर परयोग करतान." मी म्हटलं, आजी, असं कुठे असतं का? तर म्हणाल्या, "टीव्हीत नाय बघितलं? पांढरा डगला घालतान, गोरगरिबाला बांधून ठेवतान, नि सुई टोचतान."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. कारण आजी म्हणत होत्या ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. 'क्रिश' (2006) मधला डॉ. सिद्धांत आर्य आठवा. नसीरुद्दीन शहाने काय थंड डोळ्यांनी रंगवलाय! भविष्य दाखवणारं यंत्र हवं म्हणून माणसाला वर्षानुवर्षं डांबून ठेवणारा. 'रोबो' (2010) मधला डॉ. बोहरा तसाच. आणि आपल्याकडे शास्त्रज्ञ चांगला असला की तो बिचारा आधीच मेलेला असतो. 'मिस्टर इंडिया'त (1987) गायब होण्याचं यंत्र नायकाच्या वडिलांनी बनवलेलं, ते हयात नाहीत. 'कोई मिल गया'त (2003) वडिलांचं परिषदेत हसं होतं आणि अपघातात ते जातात. मागे उरतो एक कॉम्प्युटर आणि एकटीने मुलाला वाढवणारी आई. म्हणजे शास्त्रज्ञ एकतर राक्षस, नाहीतर भिंतीवरचा हार घातलेला फोटो. मराठी भुताच्या सिनेमांचं तर विचारूच नका. 'झपाटलेला' (1993) मला आजही आवडतो, रामदास पाध्यांच्या बाहुल्याने लहानपणी झोप उडवली होती. पण तिथे सगळा कारभार मंत्राचा, शास्त्रज्ञाला जागाच नाही.

या सगळ्या वेड्या शास्त्रज्ञांचा मूळपुरुष एका बाईने लिहिला, हे मला फार उशिरा कळलं. मेरी शेली. 1816 साली 'फ्रँकेन्स्टाईन' लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, पुस्तक आलं 1818 मध्ये. आपण समजतो फ्रँकेन्स्टाईन म्हणजे तो शिवलेल्या तोंडाचा राक्षस. नाही हो, ते नाव त्याला बनवणाऱ्याचं. राक्षसाला नावच नाही! मी ती कादंबरी मराठीतून वाचली आणि रात्रभर तगमगले. मेरीची आई तिच्या जन्मानंतर दहा-अकरा दिवसांत बाळंतरोगाने गेली. मेरीचं स्वतःचं पहिलं मूल 1815 साली जेमतेम काही दिवस जगलं. अशी मुलगी गोष्ट लिहिते, आणि तिच्यात एक पुरुष बाईशिवाय जीव निर्माण करतो. तो जीव डोळे उघडतो, आणि हा महाशय काय करतो? पळून जातो. दिसायला कुरूप निघालं म्हणून.

समीक्षक म्हणतात, माणसाने देव होऊ नये असं हे पुस्तक सांगतं. म्हणोत. मला बाई त्यात वेगळंच दिसलं. जीव जन्माला घातला हा त्याचा गुन्हा नव्हताच. जन्माला घालून टाकून दिला, हा गुन्हा. अशी टाकून दिलेली मुलं आणि अशा बापांची दारं मी या कामात बघते, त्यांना पांढरा डगला लागत नाही. सिनेमावाल्यांनी मात्र विजेच्या ठिणग्या तेवढ्या घेतल्या, पळून जाणं विसरले.

तर माझे आवडते कोण? पहिली 'जुरासिक पार्क'मधली डॉ. एली सॅटलर. 1994 साली हा सिनेमा हिंदीत आला, तेव्हा मी सुटीत मुंबईला मामाकडे होते. सगळी पोरं डायनोसॉर बघत होती आणि मी त्या बाईकडे. आजारी डायनोसॉरने काय खाल्लं हे कळावं म्हणून ती शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते. थिएटरभर 'शी शी' झालं. माझी आजी रोज गोठ्यात तेच करायची, गाय रवंथ करेना झाली की शेण चिवडून बघायची. तिला कोणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. पुढे वीज बंद पडते तेव्हा जीव मुठीत धरून बटण चालू करायलाही एलीच जाते. हिंदी भुताच्या सिनेमात बाईचं काम किंचाळण्याचं असायचं, त्या काळात हे पाहिलेलं मी विसरलेले नाही.

दुसरा 'जॉज'मधला हूपर. 1975 चा सिनेमा, शार्कचा. हूपर मेलेल्या मुलीचं शरीर तपासून सांगतो, हा होडीचा अपघात नव्हे. नगरप्रमुख ऐकत नाही, कारण सुटीचा हंगाम आणि पर्यटकांचा पैसा. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवेआगर-श्रीवर्धनला चार माणसं फिरायला आली की चार घरांची चूल पेटते, धोक्याचा लाल बावटा कोणालाच आवडत नाही. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्याआधी हवामान खात्याने सांगितलं होतं आणि आमच्या लोकांनी ऐकलं होतं. होड्या बांधल्या, कच्च्या घरातली माणसं हलवली. बागा गेल्या, सुपारीची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडली, पत्रे कुठल्या कुठे. तरी कितीतरी जीव वाचले ते त्या इशाऱ्यामुळे. इशारा देणाऱ्यांची तोंडं आम्ही कधी पाहिली नाहीत. आणि हो, 'जॉज'मध्ये हूपरच्या जोडीला एक म्हातारा मच्छीमार आहे, तिरसट, शिकलेल्यांना तुच्छ लेखणारा. दोघं आधी भांडतात आणि मग रात्री एकमेकांच्या जखमा दाखवत बसतात. तो प्रसंग मला सगळ्या शार्कांपेक्षा मोठा वाटतो.

तिसरा भयपटातला नाही, पण त्याच्याइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' (1990). पंकज कपूरचा डॉ. दीपंकर रॉय घरातल्या खोलीत कुष्ठरोगावरची लस शोधतो आणि बक्षीस म्हणून त्याची खेड्यात बदली होते. इथे राक्षस म्हणजे सरकारी फाईल. घर चालवते ती बायको, शबाना आझमी. शास्त्रज्ञांना जेवायला कोण वाढतं हा प्रश्न मला पडायचा, तो या सिनेमाने दाखवला तरी. मागची खरी गोष्ट याहून काळी. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 3 ऑक्टोबर 1978 ला भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं. कोणी विश्वास ठेवला नाही, चौकशी लावली, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी बाळ झालं, ते पहिलं ठरलं. पण याच आनंदकुमारांनी 1997 मध्ये मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासली आणि जाहीर सांगितलं, पहिला मान त्यांचा, माझा नाही. मला हा माणूस कोणत्याही सिनेमातल्या नायकापेक्षा मोठा वाटतो. यावर सिनेमा का नाही? आणि कमला सोहोनींवर? विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, 1939 सालची. बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरला प्रवेश नाकारला, तर दाराशी सत्याग्रह करणारी. नीरेवर संशोधन करणारी. आमच्या माडांच्या गावात तिचं नाव एकालाही माहीत नाही.

तर त्या आजी. मी त्यांना वादाने पटवू शकले नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ओटीच्या पायरीवर बसून हाफकिनची गोष्ट सांगितली. 1896 ला मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मरत होती. हाफकिन नावाचा परदेशी शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या खोलीत लस बनवत बसला, आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई त्याने स्वतःला टोचून घेतली. परळला त्याच्या नावाची संस्था आहे, साप चावल्यावरची लस तिथे तयार व्हायची. पुढची गोष्टही सांगितली, ती लपवायला नको होती. 1902 ला पंजाबातल्या एका गावात त्याची लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली, आणि सगळा ठपका त्याच्यावर आला. चूक गावात बाटली उघडताना झाली होती, लस बनवताना नाही, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. तोवर तो खलनायक.

बरोबरची बाई मला खुणेने गप्प करत होती, मेलेल्यांचं कशाला सांगतेस म्हणून. आजी मात्र नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्याला सोताला ताप आला व्हता का?"

आला होता म्हटलं. दुखलंही होतं. मलाही आला, दोन दिवस अंथरुणात होते.

"आधी सांगाचं व्हतं नाय. तुमी समदी म्हनतात कायच व्हनार नाय, कायच व्हनार नाय."

तिसऱ्या खेपेला त्या आल्या, सुनेला घेऊन. अजूनही माझ्याकडे कधीमधी टीव्हीला येतात. परवा 'जुरासिक पार्क' लागला होता. मध्येच लाईट गेली, आमच्याकडे पावसात जायचीच. चहा घेऊन उठताना आजींनी विचारलं, "ती शेनात हात घालनारी बाय जगली का शेवटी?"

जगली, मी म्हटलं.

"मंग बरं," म्हणाल्या, आणि छत्री उघडून गेल्या.